परभाषा आणि परदेश

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्यानें ईशान्येस निघालें म्हणजे सुमारें २० किलोमीटरवर, बाणगंगेच्या कांठीं, ओझर हें गांव लागतें. निफाड तालुक्यांतील हें गांव खंडोबाच्या यात्रेकरितां आणि आसपासच्या द्राक्षबागांकरितां पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. परंतु गेल्या साठ वर्षांत लोकांनीं त्याच्या नांवास आणखी एक शब्द जोडला आहे. एसटीच्या प्रवाशांच्या तोंडीं आणि बाजारकऱ्यांच्या बोलण्यांत त्याचें नांव ‘ओझर मिग’ असें झालें आहे. हा ‘मिग’ शब्द रशियन आहे. आर्तेम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच या दोन विमानरचनाकारांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें त्यांत आहेत, आणि त्यांच्या मधला ‘इ’ हा रशियन भाषेंतील ‘आणि’ या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे ओझरचा शेतकरी स्वतःच्या गांवाचें नांव घेतांना, नकळत कां होईना, एक रशियन उभयान्वयी अव्यय उच्चारीत असतो!

हा शब्द ओझरास कसा आला, याचा इतिहास थोडक्यांत असा. सन १९६२ च्या ऑगस्टमध्यें भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यांत मिग-२१ विमानें भारतांत तयार करण्याविषयीं करार झाला. १९६३ सालीं त्यासाठीं एक स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजीं ती बंगलोरच्या जुन्या विमान कंपनींत विलीन होऊन हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ही संस्था उदयास आली. विमानाचें इंजिन ओरिसांतील कोरापूट येथें, विद्युत्-उपकरणें हैदराबाद येथें आणि विमानाचा सांगाडा ओझर येथें करावयाचा, अशी कामाची वांटणी ठरली. त्या वेळीं संरक्षणखातें यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होतें, आणि लोकसभेंत ते नाशिकचेच प्रतिनिधि होते. ओझरच्या माळावर कारखाना उभा राहिला, वसाहत वसली, आणि त्याबरोबर एक नवीच अडचण उत्पन्न झाली. ती भाषेची.

यंत्र परदेशांतून आणतां येतें, पण त्याचें ज्ञान त्याच्या स्वतःच्या भाषेंत गुंडाळलेलें असतें. मिग विमानाचे मूळ आराखडे आणि सूचनापत्रें रशियन भाषेंत होतीं. ती भाषा जाणणारे लोक त्या वेळीं महाराष्ट्रांत फारच थोडे. एखाद्या खिळ्याची जाडी सांगणाऱ्या आकड्यापुढील शब्दाचा अर्थ चुकला, तर त्याचें प्रायश्चित्त आकाशांत असलेल्या वैमानिकाला भोगावें लागावयाचें. येथें परभाषा हा हौसेचा विषय नव्हता. तो जीवन-मरणाचा प्रश्न होता. सोव्हिएट तज्ज्ञ ओझरास आले, भारतीय अभियंते सोव्हिएट संघांत गेले, आणि लिपीपासून प्रारंभ करून प्रौढ वयाच्या माणसांनीं एक अपरिचित भाषा कामापुरती हस्तगत केली. मिग-२१ च्या जातीचें शेवटचें विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजीं भारतीय हवाई दलांतून निवृत्त झालें. गांवाच्या नांवांतला शब्द मात्र लोकांनीं सोडलेला नाहीं.

ओझरचें हें उदाहरण आज विशेष विचारांत घेण्यासारखें आहे. कारण अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एक नवी प्रथा रूढ होऊं लागली आहे. सुट्टी लागली कीं तीन-चार आठवडे जर्मनी, फ्रान्स, स्पेन किंवा जपान येथें जावयाचें, सकाळीं भाषेच्या वर्गांत बसावयाचें, दुपारीं शहर पाहावयाचें, आणि मुक्काम शक्यतों एखाद्या तद्देशीय कुटुंबांत ठेवावयाचा. आईबाप पदरचा पैसा खर्चून मुलांस पाठवितात. क्वचित् निवृत्त झालेलीं पतिपत्नीहि हौसेनें जातात. प्रथा चांगली आहे. परंतु परदेशीं गेलें म्हणजे परभाषा आपोआप जिभेवर येते, हा जो समज तिच्या पोटीं आहे, तो इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो?

रशियन भाषेवरूनच आरंभ केला, तर एका जुन्या प्रवाशाची आठवण होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितीन हा त्वेर नगरचा व्यापारी समुद्र ओलांडून चौल बंदरास उतरला. त्याच्याबरोबर विकण्यासाठीं आणलेला एक घोडा होता. चौलहून तो जुन्नरास आला, पावसाळाभर तेथें राहिला, आणि पुढें बहमनी राज्याची राजधानी बिदर येथें गेला. जुन्नरच्या खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. त्या संकटांतून तो मोठ्या प्रयासानें सुटला. असा मनुष्य परमुलुखांत जगला कशाच्या जोरावर? त्याच्या प्रवासवृत्तांत त्याचें उत्तर मिळतें. हा वृत्तांत रशियन भाषेंत असला, तरी त्यांत मधून मधून तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांची सरमिसळ झालेली भाषा येते. बाजारांत, सराईंत आणि दरबारीं कानांवर पडलेली ती व्यापाऱ्यांची बोली होती. निकितीन कोणत्याहि शाळेंत गेला नव्हता. गरज हीच त्याची पंतोजी होती. परंतु गरजेपुरती आलेली भाषा गरजेपुरतीच राहते, हेंहि त्यावरूनच दिसतें. ज्या मराठी मुलुखांत त्यानें पावसाळा काढला, तेथील लोकांच्या भाषेंत त्याचा प्रवेश झाल्याचें त्याच्या लेखनांत कोठेंहि दिसत नाहीं.

याच्या नेमकें उलट उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचें. हा इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं मरण पावेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, तेथेंच राहिला. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. दहा हजारांहून अधिक ओंव्यांचा हा मराठी ग्रंथ परभाषकानें लिहिलेला आहे, यावर वाचणाऱ्याचा सहजीं विश्वास बसत नाहीं. गोव्याच्या लोकबोलीचें त्यानें लिहिलेलें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत तें अगदीं आरंभींचें होय. धर्मप्रसार हा त्याचा हेतु होता, हें उघड आहे. पण ज्या लोकांस आपलें सांगावयाचें, त्यांच्या भाषेंतच, त्यांच्याच ओंवीच्या चालीवर तें सांगितलें पाहिजे, हें त्यानें ओळखलें. चार आठवडे आणि चाळीस वर्षें यांतील अंतर येथें ध्यानांत यावें.

मग परदेशीं दीर्घकाळ राहणें हाच भाषेचा एकमेव मार्ग मानावयाचा काय? तसेंहि नाहीं. विल्यम केरी १७९३ सालीं बंगालांत आला आणि १८३४ सालीं तेथेंच वारला. महाराष्ट्रांत वास्तव्य न करतां त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मोडी अक्षरांत मराठीचा कोश श्रीरामपूरच्या छापखान्यांतून प्रसिद्ध केला. हें साधलें कसें? वैजनाथ पंडित नांवाचा एक मराठी जाणणारा विद्वान् त्याच्या शेजारीं बसत होता. महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर असतां एका शिक्षकाच्या साहाय्यानें त्यानें मराठी आत्मसात केली. केरीच्या मराठींत दोष आहेत. बाजारांत आणि घराच्या ओसरीवर ऐकूं येणारी भाषा ग्रंथांतून पूर्णपणें हातीं लागत नाहीं. तथापि चांगला गुरु लाभला, तर भाषेचा पाया स्वदेशींहि घालतां येतो, एवढें यावरून निश्चित सिद्ध होतें.

परभाषेसाठीं परदेश गांठणाऱ्या मराठी माणसांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यांत पहिलें नांव धर्मानंद कोसंबी यांचें घ्यावें लागेल. ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील साखवाळ या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. शाळेचें शिक्षण बेताचें, घरीं नारळाच्या बागेची देखभाल, आणि लहान वयांत झालेलें लग्न, असा त्यांचा आयुष्यक्रम होता. १८९७ च्या सुमारास एका बालमासिकांत त्यांनीं बुद्धाचें चरित्र वाचलें आणि त्यांच्या जीवनाची दिशा पालटली. बुद्धाचा उपदेश त्याच्या मूळ शब्दांत वाचावयाचा, हा त्यांनीं निर्धार केला. पण तो उपदेश ज्या पालि भाषेंत आहे, ती शिकविणारा मनुष्य महाराष्ट्रांत त्या काळीं मिळणें कठीण होतें. भारतांत जन्मलेली ही भाषा भारतांतूनच परागंदा झाली होती, आणि तिचा मागोवा घेत भारतीय विद्यार्थ्यास समुद्र ओलांडावा लागत होता!

१८९९ सालाच्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. मागें पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. प्रथम ते पुण्यास आले, आणि तेथें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. पुढें काशीस जाऊन अन्नछत्राच्या आधारानें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. तेथून नेपाळ, बुद्धगया आणि कलकत्ता असा प्रवास करीत १९०२ सालीं ते सिलोनांत पोंचले. कोलंबो येथें हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनीं १८७३ सालीं विद्योदय परिवेण स्थापन केलें होतें. तेथें धर्मानंदांनीं श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीच्या अध्ययनास आरंभ केला.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. गुरूची भाषा सिंहली, शिष्याची मराठी-कोंकणी. मग अध्यापन चालावें कसें? महास्थविर संस्कृताचेहि पंडित होते, आणि काशींतील कष्ट येथें फळास आले. संस्कृताच्या पुलावरून धर्मानंद पालीच्या तीरास लागले. दुसरी अडचण लिपीची. त्या काळीं पालि ग्रंथ सिलोनांत सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशांत ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत, सयामांत सयामी अक्षरांत आणि १८८१ सालीं लंडनांत स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या प्रकाशनांत रोमन अक्षरांत मिळत. नागरी अक्षरांत ते जवळजवळ नव्हतेच. म्हणजे एक भाषा शिकावयाची तर अनेक लिप्या शिकणें प्राप्त होतें. पुढील वर्षीं ते मद्रासमार्गें ब्रह्मदेशांत गेले आणि तेथील भिक्षूंच्या सहवासांत त्यांनीं अध्ययन चालू ठेविलें.

या प्रवासास कोणी सुट्टी म्हणणार नाहीं. त्याचें मोल केवळ धर्मानंदांनीं दिलें असेंहि नाहीं. पति कोठें आहे, परत येणार कीं नाहीं, याचा भरंवसा नसतांना बाळाबाईंनीं गोव्यांत लहान मुलीसह कित्येक वर्षें काढलीं. विद्येच्या इतिहासांत यात्रेकरूचें नांव ठळक अक्षरांत येतें. घरीं राहून ज्या माणसांनीं त्या यात्रेचा खर्च आपल्या आयुष्यांतून दिला, त्यांचीं नांवें तळटीपेंतहि क्वचितच सांपडतात. बाळाबाईंचा उल्लेख याकरितां मुद्दाम केला पाहिजे.

परत आल्यावर धर्मानंदांनीं मिळविलेली विद्या स्वतःजवळ ठेवली नाहीं. कलकत्त्यास ते पालि शिकवूं लागले. पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना तीन वर्षेंपर्यंत दरमहा ५० रुपये देऊं केले. अट एवढीच, कीं त्यांनीं महाराष्ट्रांत राहावें आणि दरवर्षीं एक ग्रंथ लिहून द्यावा. अधिक वेतनाची कलकत्त्याची नोकरी सोडून त्यांनीं हें मान्य केलें. भांडारकरांच्या पाठिंब्यानें मुंबई विद्यापीठांत पालीचा प्रवेश झाला, आणि १९१२ ते १९१८ या काळांत धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्या विषयाचे अध्यापक होते. तेथील त्यांच्या विद्यार्थ्यांत चिंतामण विनायक जोशी हे एक होते. चिमणरावाच्या गोष्टींनीं घरोघर हंशा पिकविणारा हा लेखक पालीचा मोठा पंडित होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

दरम्यान १९१० सालीं धर्मानंद अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत गेले. हेन्‍री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडितानें ‘विसुद्धिमग्ग’ या पालि ग्रंथाची संशोधित आवृत्ति हातीं घेतली होती. १८९९ सालीं तो वारल्यामुळें तें काम अपुरें राहिलें होतें. निरनिराळ्या लिप्यांतील प्रती ताडून पाहण्याचें तें काम गोव्याच्या या खेडेगांवांतील विद्वानाच्या हातून पुरें झालें. त्यासाठीं त्यांना अमेरिकेच्या अनेक वाऱ्या कराव्या लागल्या. आणि ज्या देशाच्या भाषेनें पुढें ओझरच्या अभियंत्यांची परीक्षा पाहिली, त्याच देशांत, लेनिनग्राड येथें, धर्मानंद १९२९ सालीं पालि शिकविण्यासाठीं गेले. ओझरच्या कारखान्याच्या ३५ वर्षें आधीं रशियन विद्यार्थी एका मराठी गुरूपाशीं भारताची जुनी भाषा शिकत होते! विद्येचा व्यवहार हा असा दोन्ही बाजूंनीं चालतो.

दुसरें उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत ते होते. नागपूरचे डॉ. चोळकर हेहि त्याच पथकांत होते. कोटणीस भाषा शिकण्यास गेले नव्हते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्यास गेले होते. परंतु कोठें दुखतें, हें रोग्यास विचारतां आलें नाहीं तर शस्त्रवैद्याचें अर्धें कौशल्य व्यर्थ जातें. त्यांनीं चिनी भाषा बोलण्यास आणि लिहिण्यास शिकून घेतली. तिच्यांतून विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकविली आणि तिच्यांतच पाठ्यपुस्तक लिहिण्यास हात घातला. १९४१ सालीं ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षीं झालेल्या मुलाचें नांव ‘यिनह्वा’ ठेवण्यांत आलें. त्यांतील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, कोटणीस कालवश झाले. चार वर्षांत परक्या भाषेंत ग्रंथ लिहूं लागण्याइतकी त्यांची प्रगति झाली, ती रोज समोर येणाऱ्या रोग्यांनीं घडवून आणली.

या सर्व चरित्रांवरून कांहीं निष्कर्ष काढतां येतात. भाषा येण्यास तीन गोष्टी लागतात: गरज, गुरु आणि काळ. निकितीनजवळ गरज होती, गुरु नव्हता. केरीजवळ गुरु होता, पण त्या भाषेचा देश नव्हता. स्टीफन्स, कोसंबी आणि कोटणीस यांना या गोष्टी कमीअधिक प्रमाणांत लाभल्या, आणि ज्या लाभल्या नाहींत त्या त्यांनीं कष्टानें मिळविल्या. परदेशवास हें या तिन्हींस जोडणारें साधन आहे. तो त्यांच्या जागीं बसूं शकत नाहीं. आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यांत हिंडणारा, मराठी जेवण शोधणारा आणि दुकानदाराशीं इंग्रजींत बोलणारा प्रवासी वर्षभर पॅरिसांत राहिला, तरी त्याला फ्रेंच येणार नाहीं.

मग सुट्टींतील तीन-चार आठवडे निरुपयोगी आहेत काय? मुळींच नाहींत, मात्र त्यांचें योग्य स्थान ओळखलें पाहिजे. धर्मानंद सिलोनास गेले ते संस्कृताची शिदोरी घेऊन गेले. म्हणूनच तेथील काळ सार्थकीं लागला. लिपि, मूळ व्याकरण आणि हजारभर शब्द यांची तयारी घरीं करतां येते. पुण्याच्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागांत आणि पुणें-मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनांत पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी अशी तयारी करीत आले आहेत. एवढी पूर्वतयारी झाल्यावर चार आठवड्यांचा प्रवास म्हणजे पोहण्याचे धडे घेतलेल्या माणसानें प्रथमच नदींत उतरण्यासारखा आहे. कानास खरा उच्चार कळतो, जिभेची भीड जाते, आणि पुस्तकांतील कोणतीं वाक्यें लोक खरोखर बोलतात आणि कोणतीं बोलत नाहींत, याचा उलगडा होतो. परंतु ज्यानें काठावर हातपाय हलविण्याचाहि सराव केलेला नाहीं, त्याला नदी केवळ पाहून परत यावें लागतें.

परत आल्यानंतरची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. भाषा वापरली नाहीं तर ती गंजते. कोसंबींनीं पालि टिकविली ती शिकवून. कोटणिसांनीं चिनी वाढविली ती रोग्यांशीं बोलून. जो विद्यार्थी परत आल्यावर त्या भाषेंत एखादें पुस्तक वाचावयास घेतो, एखादें पत्र लिहितो, धाकट्या भावंडास चार शब्द शिकवितो, त्याच्या आईबापांनीं खर्च केलेला पैसा वाया गेला असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

धर्मानंद ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें वारले. हार्वर्डच्या मालेंतील त्यांची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ति १९५० सालीं प्रसिद्ध झाली, ती पाहण्यास ते राहिले नव्हते. तत्पूर्वीं १९४० सालीं मुंबईच्या भारतीय विद्या भवनानें तोच ग्रंथ त्यांच्याच संपादनानें नागरी अक्षरांत काढला होता. जो ग्रंथ वाचण्यासाठीं त्यांच्या पिढीस परक्या लिप्या शिकाव्या लागल्या, तो त्यानंतरच्या मराठी मुलांस घरबसल्या, ओळखीच्या अक्षरांत मिळूं लागला. १९१८ सालीं ते पुन्हां अमेरिकेस गेले, तेव्हां माणिक आणि धाकटा दामोदर हीं दोन मुलें त्यांच्या बरोबर होतीं. वडिलांच्या विद्येसाठीं जी मुलगी तान्हेपणीं मागें राहिली, तिला अखेर समुद्रापलीकडील विद्येचें दार उघडलें. बाळाबाई मात्र त्या खेपेसहि मायदेशींच राहिल्या. ज्या घरांतून आज मुलें भाषेसाठीं परदेशीं जातात, त्या घरीं मागें राहणारेंहि कोणी असतेंच. परत आलेल्या मुलानें नव्या भाषेंतले पहिले चार शब्द त्यालाच शिकवावेत.